धातूविना जोडणी

तिसऱ्या फ्लास्कमध्येही प्रक्रिया झाली. व्लास्ताने काचपट्टी जांभळ्या दिव्याखाली धरली. नव्या पदार्थाचा डाग ठळक दिसत होता.

"झालं समाधान?" शेजारच्या टेबलावरून ओताकारने विचारलं. "सोडा बदललास, द्रावक बदललंस, काच नवी आणलीस. तरी जोडणी होतेच आहे. त्या बिचारीने तुझं काय घोडं मारलंय, की अशी हात धुऊन मागे लागली आहेस?"

"शुक्रवारी प्रागमध्ये तिला पदक मिळणार आहे."

"म्हणून तुझ्या पोटात दुखतंय?"

"दुखतंय खरं."

तो लेख तिला पाठ होता. दोन रेणूंमधली कार्बनची वलयं एकमेकांना जोडायची तर पॅलेडियमसारखा महागडा धातू उत्प्रेरक म्हणून लागतो, हे सगळ्यांना ठाऊक. लेख म्हणत होता, धातू नको, नुसता सोडा पुरे. औषध कारखान्यांनी तो डोक्यावर घेतला होता. व्लास्ताचा मात्र त्यावर विश्वास उरला नव्हता.

आता एकच वस्तू बदलायची राहिली होती: द्रावण ढवळत गरगर फिरणारी चुंबकाची पांढरी कांडी. तिने ती चिमट्याने उचलून उजेडात धरली. तिच्या टेफ्लॉनच्या वेष्टनावर बारीक ओरखडे होते.

"ओतो, कोरी कांडी आहे?"

"आता कांडीवरही संशय?" तो हसला. मग हसायचा थांबला, उठला आणि कपाटातलं न फोडलेलं पाकीट घेऊन आला.

कोरी कांडी फिरत राहिली. जेवणाचं सूप गार झालं. पट्टीवर डाग उमटला नाही. व्लास्ताने त्याच फ्लास्कमध्ये जुनी कांडी टाकली. तासाभरात डाग हजर.

"ओरखड्यांत अडकलेलं पॅलेडियम," ती हळू आवाजात म्हणाली. "कुठल्या जुन्या प्रयोगातलं, कोण जाणे. तराजूलाही कळणार नाही एवढंसं. आणि स्वतः न झिजता लाखो रेणूंची लग्नं लावतंय!"

"बिनबोलावता आलेला मध्यस्थ. मानपानसुद्धा मागत नाही."

"काय धातू आहे, ओतो!"

"तूही काही कमी नाहीस." या वेळी तो चेष्टा करत नव्हता. "फोन उद्या कर. एक रात्र जाऊ दे मधे."

"उद्या पट्टीवर वेगळं काही दिसणार आहे का?"

तिने लेख छापणाऱ्या मासिकाला फोन लावला. संपादकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचा पुरावा बिनतोड आहे," ते म्हणाले. "पण लेख मागे घ्यायचा तर लेखिकेची संमती हवी. पदकाच्या आठवड्यात ती कोण देईल, बाई? उभ्या आयुष्याची कमाई आहे ती."

"देईल ती."

"तुम्ही ओळखता तिला?"

"थोडीफार."

"मग आधी तिच्याशी बोलून घ्या. मी नोंद करून ठेवतो. आपलं नाव?"

"व्लास्ता सेदलाकोवा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पण बाई," संपादक म्हणाले, "हे तर लेखिकेचं नाव आहे."