हलक्या हाताचा सराव

गिटार शिकवणाऱ्या पुस्तकांचा अख्खा ढीग उपसला, तरी कुमुदबाईंचं समाधान होईना.

"हे न्या. पहिल्याच दिवशी गाणं वाजतं," दुकानदार म्हणाला.

"गाणं नकोच! दिवाळीपासून एकच ऐकतेय, तेही अर्धं. नुसते बोटांचे व्यायाम असलेलं द्या."

"शिकतंय कोण, ताई?"

"आमच्या वरच्या मजल्यावरचे घैसास!"

संध्याकाळी त्यांनी ते पुस्तक घैसासांच्या हातात ठेवलं. "यात लिहिलंय, सुरुवातीला सराव अगदी हलक्या हातानं करायचा. शेजाऱ्यालाही कळता कामा नये."

घैसासांनी पुस्तक छातीशी धरलं. "वहिनी, आमच्या घरात कुणी दोन मिनिटं ऐकून घेत नाही. आणि तुम्ही चक्क पुस्तक आणलंत!"

त्यांनी खुंटीवरची गिटार काढली आणि पायात चपला सरकवल्या.

"चला, आता रोजचा सराव तुमच्याकडेच."