चौदा नंबरची बॅच

लॅबमधल्या भांड्यातलं पाणी १०२ अंश फॅरनहाइटवर स्थिरावलं. तिने थर्मामीटरचं टोक पाण्यात धरलं, बीप वाजेपर्यंत थांबली आणि आकडा वाचला. ९९.८. दुसरा बुडवला. ९९.७. तिसरा. ९९.८. तिन्ही चौदा नंबरच्या बॅचमधले, नमुने म्हणून कपाटात राखून ठेवलेले.

हे तिने महिन्यापूर्वीच साहेबांना लेखी दिलं होतं. आज पुन्हा मोजायचं कारण शेजारी टेबलावरच्या फोनवर होतं.

खरेदीच्या साइटवरून निरोप आला होता. ‘तुम्ही घेतलेल्या वस्तूबद्दल एका ग्राहकाचा प्रश्न आहे. उत्तर देऊ शकाल?’ आणि त्याखाली प्रश्न : ‘ताई, तुमच्या बाळाचा ताप याने बरोबर दाखवला होता का? माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. अंग भाजतंय, पण दोनदा लावला तरी १००.२ च येतंय. थांबू का डॉक्टरकडे नेऊ?’

तिला बाळ नव्हतं. तिने थर्मामीटर विकतही घेतला नव्हता. साहेबांनी अख्ख्या स्टाफच्या नावावर एकेक मागवला होता आणि सगळ्यांकडून पाच ताऱ्यांचे अभिप्राय लिहून घेतले होते. “बाळ घाला त्यात,” ते म्हणाले होते. “बाळ दिसलं की लोक डोळे झाकून घेतात.” तिने घातलं होतं.

तिने १००.२ मध्ये २.२ मिळवले. १०२.४. प्रश्न सव्वाबाराचा होता. आता पावणेदोन वाजले होते.

फोन घेऊन ती हॉलमध्ये आली. “हा प्रश्न अजून कुणाला आलाय?”

“मला आला,” पॅकिंगच्या बाई खोक्यावर चिकटपट्टी ओढत म्हणाल्या. “मला वाटलं जाहिरात आहे.”

“मलाही,” गोदामवाला म्हणाला. “पुसून टाकला. नसती भानगड कशाला?”

कोपऱ्यातून मोलाच्याने मान वर केली. तक्रार कुठलीही असो, तो दिवसभर ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ हेच वाक्य चिकटवायचा, म्हणून हे नाव. “आपलं नेहमीचं टाकू का?”

“तिचं बाळ तापलंय रे.”

“मग सुरुवातीला दिलगिरी घालतो.”

आवाज ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. तिने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी प्रश्न वाचला, चष्मा काढला, पुसला.

“अगं, आई आहे ती. आईला हात लावला तरी ताप कळतो.”

“मग थर्मामीटर कशाला विकतो आपण?”

चिकटपट्टीचा आवाज थांबला.

“हे बघ, माल बाहेर गेलेला आहे. तू साइटवर काही लिहू नकोस. उद्या मीटिंगमध्ये घेऊ विषय.”

“बाळाला उद्यापर्यंत थांब म्हणून कळवू?”

साहेब काही बोलायच्या आत तिने तिथेच उभ्याने टाइप केलं. घाईत दोन शब्द चुकले, ते तसेच राहू दिले. ‘थांबू नका. आत्ता डॉक्टरकडे न्या. हा थर्मामीटर दोन अंश कमी दाखवतो.’ प्रश्न ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना उत्तरही गेलं. टेबलाटेबलावर फोन थरथरले. रिकाम्या केबिनमध्येही कुठेतरी काहीतरी घरघरलं.

“उद्या येताना राजीनामा घेऊन ये,” साहेब म्हणाले.

ती परत लॅबमध्ये गेली. चौथा नमुना, पाचवा, सहावा. एकही १०० च्या वर गेला नाही. फोन तिने टेबलावर उलटा करून ठेवला, मग सुलटा केला.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिकडून आलं : ‘दवाखान्यातून लिहितेय. १०३.१ निघाला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आणलंत. आता उतरतोय. ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुमचं बाळ बरं आहे ना?’

तिने तो निरोप तीनदा वाचला. शेवटच्या वाक्याशी दर वेळी अडकली.

दार ढकलून साहेब आत आले. मागे मोलाचा, हातात फोन. साहेबांचा चेहरा पार बदललेला.

“वाचलंस? उगाच भडकलीस मघाशी. ग्राहकाशी नातं जोडणं म्हणतात ते हेच. राजीनाम्याचं विसर.” ते मोलाच्याकडे वळले. “हिच्या उत्तरातलं ते दोन अंशांचं साइटवाल्यांना काढायला लाव. त्या आईचे आभार तेवढे ठेव, फोटो काढ आणि पानावर सगळ्यात वर लाव.” मग पुन्हा तिच्याकडे, जवळजवळ मायेने, “आणि तू लिही तिला. बाळ मजेत आहे म्हणून.”

तिने फोन उचलला. या वेळी एकही शब्द चुकला नाही.

‘मला बाळ नाही. हा थर्मामीटर बनवणाऱ्या कंपनीत मी तो तपासते. खोक्याच्या तळाशी १४ आकडा असेल तर वापरू नका. वरचे सगळे पाच तारे आम्ही इथे बसून लिहिले आहेत.’

पाठवलं.

हॉलमध्ये एकामागोमाग एक फोन वाजले. मोलाच्याच्या हातातला थरथरला. सगळ्यात शेवटी साहेबांच्या खिशातला.

साहेबांनी आपला अभिप्राय बाळाची आजी म्हणून लिहिला होता.