बडीशेपेची डबी

"विडी-सिगारेट?" फुप्फुसांच्या तपासणी शिबिरात नर्सने विचारलं.

"छे!" आप्पा म्हणाले. सून शेजारीच बसली होती.

"मग तुमचा स्कॅन नाही. तो खूप वर्षं ओढणाऱ्यांचाच करतात." नर्स नाव खोडायला लागली.

"थांबा ताई," सून म्हणाली. "लिहा, चाळीस वर्षं. रोज एक बंडल."

आप्पांची मान खाली गेली. सुनेसमोर ओढायची नाही म्हणून ते गोठ्यामागे जायचे आणि बडीशेप चघळत घरात यायचे. "तुला कसं कळलं?"

"तुमची डबी कधी रिकामी झाली का? सासूबाई गेल्यापासून मीच भरते."

महिन्याभराने, सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "कर्करोगच आहे. पण गाठ वाटाण्याएवढी, कुठे पसरलेली नाही. ऑपरेशनने निघून जाईल. वेळेवर आलात."

बाहेर येताच आप्पांनी खिशातलं बंडल सुनेच्या हातात दिलं. मग डबीही पुढे केली. "आता हिचंही काम संपलं."

तिने बंडल कचऱ्यात टाकलं, डबी मात्र परत दिली.

"तलफ आली की खा बडीशेप. पण आता माझ्यासमोर."