पांढरी की राखाडी

हुणसूर रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात त्या दोन्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पांढरी, एक राखाडी. दोन्ही सेडान, एकाच वर्षाच्या, आणि किमतीतही फारसा फरक नाही. नागोजीराव केव्हापासून त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होते. वाकून टायर बघायचे, डिकी उघडून मिटायचे आणि पुन्हा पहिलीपाशी यायचे.

"ही आत्ताच पाहिलीत की," त्यांची बायको वेदवती झाडाखालच्या खुर्चीवरून म्हणाली.

"ठाऊक आहे. नीट बघतोय."

मुलगा फोनवर राखाडीच घ्या म्हणत होता, शेजारचे प्राणेश पांढरीच्या बाजूचे. पण घोळ त्यांच्यामुळे नव्हता. मोठी डिकी कुठलीची, हेच नागोजीरावांच्या डोक्यात राहत नव्हतं. एका गाडीत बसलं की दुसरी मनातून पुसली जात होती.

"सार, चालवून बघा म्हणजे आपोआप ठरेल," यार्डातली वरलक्ष्मी कन्नडमध्ये म्हणाली. चुणचुणीत मुलगी होती, दोन्ही किल्ल्या हातातच घेऊन आली होती.

पांढरी त्यांनी झकास चालवली. जवळच एक फेरी मारून आले तेव्हा चेहऱ्यावर जुना रुबाब होता. मग राखाडी. ती ऑटोमॅटिक. या वेळी वरलक्ष्मी शेजारी बसली, वेदवती मागे, आणि गाडी गोकुलमच्या दिशेने निघाली.

तिथल्या एका चौकात योगाच्या चटया काखेत धरलेल्या दोन गोऱ्या बायका रस्ता ओलांडत होत्या. नागोजीरावांनी ब्रेक दाबला. बायका पलीकडे गेल्या. गाडी मात्र जागची हलली नाही.

समोर तीन रस्ते होते, आणि तिन्ही अनोळखी. वीज खात्यात असताना या भागातले निम्मे खांब त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून रोवून घेतले होते. कुठल्या गल्लीची लाइन कुठून जाते, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. आणि आता या चौकात आपण कुठून शिरलो, तेही आठवेना. मागे हॉर्न सुरू झाले. त्यांचा डावा हात मधल्या दांड्यावर नुसताच फिरत राहिला.

"सार? सरळ घ्या, सार."

"गिअर नाही ना," ते घाईघाईने म्हणाले, "म्हणून जरा गोंधळलो."

"परवागिल्ला, सार! पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं असं." ती हसली आणि वळणावळणाला सांगत त्यांना यार्डापर्यंत घेऊन आली.

गिअरचा बहाणा नागोजीरावांना इतका पटला की पोचेपर्यंत त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

"पांढरी घेऊ," उतरल्या उतरल्या त्यांनी जाहीर केलं. "ऑटोमॅटिक आपल्या कामाची नाही. शिवाय मागचा कॅमेरा पांढरीलाच आहे."

"कॅमेरा राखाडीला आहे, सार."

"तेच म्हणतोय मी."

वेदवती हळूहळू पुढे आली. तिने दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मुलीला कन्नडमध्ये विचारलं, "नवशिक्याला यांतली सोपी कुठली?"

"राखाडी, अम्मा. क्लचची भानगडच नाही. कोण शिकणार आहे? सून?"

"मी."

नागोजीराव मोठ्याने हसले. "तू? साठी उलटली तुझी, वेदा!"

"उलटू दे." मग मुलीला कळणार नाही असं मराठीत, आवाज न चढवता, ती म्हणाली, "चौकात तुम्ही गिअर शोधत नव्हतात."

त्यांनी चटकन वरलक्ष्मीकडे पाहिलं. ती आपली हसऱ्या चेहऱ्याने उभी होती. तिला काही कळलं नव्हतं.

"काहीतरीच! मला काय झालंय?"

"नरसीपूरहून येतानाही असंच झालं होतं."

"तेव्हा सुम्मने, उगीच थांबलो होतो. शहाळं प्यायला."

"शहाळ्याचं मी काढलं, अहो. तुम्हाला जरा उसंत मिळावी म्हणून."

नागोजीरावांना रागवावं असं वाटत होतं. कुणावर, ते उमजत नव्हतं. जे त्यांनी स्वतःलाही धडपणे सांगितलं नव्हतं, ते ही मागच्या सीटवर बसून किती दिवस बघत होती? आणि बघून घरी येऊन भाकऱ्या थापत होती?

"जरा बसून बघू का?" वेदवतीने मुलीला विचारलं. "सुरू नाही करत, नुसतीच बसते."

वरलक्ष्मीने राखाडीचं दार उघडून धरलं. वेदवती पदर खोचून आत बसली. पाय पुरेनात, तेव्हा मुलीने खालचा खटका ओढून सीट पुढे सरकवली. तापलेलं पातेलं उचलावं तसं वेदवतीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग जपून धरलं.

"या ना," ती म्हणाली.

नागोजीराव सवयीने तिच्याच दाराशी गेले. तिथे ती बसलेली. क्षणभर तसेच उभे राहिले, मग बॉनेटला वळसा घालून पलीकडे आले, आत बसले, दार ओढून घेतलं. हात आपसूक उजव्या खांद्यामागे पट्ट्यासाठी गेला. बोटांना काही लागलं नाही. त्यांनी पुन्हा चाचपलं. पुन्हा.

"डावीकडे आहे," समोर बघतच वेदवती म्हणाली.