समासातली पेन्सिल

परत आलेल्या पुस्तकांतली पेन्सिलची टिपणं ग्रंथपालबाई खोडरबरानं पुसून टाकत. सगळ्यात जास्त असत ती एका म्हाताऱ्या शिंप्याची. एकदा वैतागून त्यांनी त्याला चारचौघांत झापलं, "पुस्तक काय तुमच्या घरचं आहे?" तो ओशाळला. त्यानंतर त्याची पुस्तकं कोरीकरकरीत येऊ लागली. काही महिन्यांनी एका जुन्या कादंबरीतला, आधी पुसायचा राहून गेलेला समास पुसताना बाईंची नजर त्याच्या अक्षरावर पडली: 'ही सून गप्प का बसली? माझी बायकोही अशीच बसायची. मी कधी विचारलंच नाही.' बाईंचा हात थबकला. तो आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आजोबा, आताशा पुस्तकात काही लिहीत नाही तुम्ही?" "पेन्सिल हातात नसली की अक्षरं नुसती डोळ्यांसमोरून जातात, बाई. काहीच पोचत नाही." "मग पुस्तकं कशाला नेता?" "नेतो, ठेवतो, परत आणतो. घराबाहेर पडायला निमित्त लागतं ना."