दोनशे तेरावं घर

नऊ मिनिटं वीस सेकंद झाली तरी आजोबा इस्त्रीपाशीच होते.

"आजोबा, वरचं धरण फुटलंय असं धरायचंय," संशोधक हातातलं स्टॉपवॉच दाखवत म्हणाला.

"फुटू दे हो. इस्त्री चालू राहिली तर पाणी यायच्या आत घर जळायचं."

आजी केव्हाच दारात येऊन थांबल्या होत्या. त्यांनी वाचवण्याजोगी वस्तू म्हणून भिंतीवरचं घड्याळ उचललं होतं. ते गेली सहा वर्षं बंद होतं.

अकरा मिनिटं पाच सेकंद. संशोधकाने आकडा लिहिला, छापील फॉर्म आजोबांकडून भरून घेतला आणि न वाचता पाकिटात बंद केला. हा नियम त्याचाच. समोरच्याला बरं वाटावं म्हणून लोक काहीही लिहितात, तेव्हा मोजणाऱ्याने उत्तरं बघायचीच नाहीत. पाकीट फोडायचं ते कार्यालयातल्या टंकलेखक बाईंनी.

हे दोनशे बारावं घर होतं. सरकारी संशोधन केंद्राने धरणाच्या भिंतीत बसवायचं एक यंत्र तयार केलं होतं. भिंतीला तडा जाताच ते खालच्या वस्तीला इशारा देणार होतं, पाणी पोचण्याच्या बरोबर तीन मिनिटं आधी. अकरा वर्षं संशोधक त्यापायी राबला होता. आणि निधी देणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंनी एका फटक्यात त्याची हवा काढून घेतली होती.

"तीन मिनिटांत माणसाला चपला सापडत नाहीत. बॅग आधीच भरून ठेवली तर जमतं म्हणता ना? मग असं एक तरी घर दाखवा. नाहीतर हा निधी दुसरीकडे जाईल."

समिती उद्या सकाळी अकराला बसणार होती. आतापर्यंतचं सगळ्यांत चपळ घर सहा मिनिटं दहा सेकंदांचं होतं, आणि तेही घरात कोणी नसल्यासारखंच. एकटा पैलवान होता, दोन लुंग्या उचलून निघाला.

संशोधक पाच वाजताच घरी गेला. एरवी त्याला आठ वाजायचे. बायको शाळेतून आली होती आणि वह्या तपासत बसली होती. तो दिसताच ती दचकली.

"बरं वाटत नाही का?"

"उत्तम वाटतंय. अगं, ऊठ. धरण फुटलंय."

"काय?"

"असं धरायचं. तुझी चाचणी घेतो. मला यात धरू नकोस, मी मोजणारा."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. "नाही धरत," ती म्हणाली. "आत्ताच निघू?"

"आत्ताच!" त्याने बटण दाबलं.

तिने वही मिटली. गॅसची टाकी बंद केली, विजेचं मुख्य बटण खाली ओढलं. आतल्या खोलीत जाऊन कपाटामागून एक निळी बॅग काढली, चपला पायात सरकवल्या आणि दार ओढून घेतलं. तो कसाबसा बाहेर पडला, नाहीतर आतच राहिला असता. जिन्यावर तर त्याला तिच्यामागे धावावं लागलं. फाटकाशी ती थांबली तेव्हा एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद झाले होते.

त्याला हसू आवरेना. "बॅग भरलेलीच होती?"

"होती."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"आणि मला पत्ता नाही!"

"तुम्ही विचारलं कुठे?"

अकरा वर्षं तो जेवताना तयारी, तयारी म्हणून डोकं खायचा आणि ती मान खाली घालून जेवायची. त्याला वाटायचं, पालथ्या घड्यावर पाणी. आणि हिने शब्द न् शब्द मनावर घेतला होता! आपलं चुकलंच, असं त्याला फार वाटलं. तसं तो तिला सांगणारही होता, पण आधी फॉर्म भरून घेणं भाग होतं.

"हे कोण वाचणार?" तिने विचारलं.

"कार्यालयातल्या बाई. मी बघतसुद्धा नाही."

"खरं लिहायचं?"

"खरंच लिही. शास्त्र आहे ते."

ती हसली. फाटकाच्या कठड्यावर कागद ठेवून तिने सावकाश, एकही रकाना न सोडता फॉर्म भरला आणि पाकीट स्वतःच चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला डबा दिला, घराची किल्ली आठवणीने खिशात घालायला लावली आणि "सगळं चांगलं होवो" म्हणाली. तो शीळ घालत केंद्रावर गेला.

समितीपुढे त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. "एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद," तो म्हणाला. "आणि लपवण्यासारखं काय आहे, हे माझंच घर."

सगळे हसले. टंकलेखक बाईंनी पाकीट फोडून वाचायला सुरुवात केली.

"बॅगेतल्या वस्तू. कपड्यांचे चार जोड, प्रमाणपत्रं, जादा चष्मा, तीन महिन्यांच्या गोळ्या, आईचा फोटो."

"मोजकं आणि नेमकं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एवढीच शिस्त हवी होती."

"बॅग कधी भरली? अडीच महिन्यांपूर्वी. बाहेर पडणारी माणसं? एक."

"मी मोजणारा होतो ना," संशोधकाने खुलासा केला. पुन्हा हशा झाला.

अध्यक्षबाईंनी पेन उघडलं. "माझ्या मते निधी मंजूर करायला हरकत नाही. तुमच्या पत्नीचं अभिनंदन कळवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अकरा वर्षांचं ओझं त्याच्या खांद्यावरून उतरलं. टंकलेखक बाई मात्र कागदाची घडी घालू लागल्या होत्या.

"थांबा, शेवटचा प्रश्न राहिला," तो म्हणाला. "किती दिवस घराबाहेर राहायचं असं धरून बॅग भरली? तो मी मुद्दाम घातलाय. लोक दोन दिवस लिहितात, कोणी आठवडा. वाचा ना."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"कायमचं," त्यांनी वाचलं.