ओले हातमोजे

"ते चर्च तू नाही जाळलंस. माझ्या हातून जळलं," आस्मुंड म्हणाला.

योस्टाइन हसला. "हळू बोल, बाबा. पहारेकऱ्यानं ऐकलं तर हाकलून देतील मला इथून."

आस्मुंडला हसू आलं नाही. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत बापलेक समोरासमोर बसले होते. मधे कॉफीचा थर्मास, दोन कप, आणि आस्मुंडच्या बायकोनं, बोर्गहिलनं, लेकासाठी दिलेल्या बटाट्याच्या मऊ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. बसथांब्यापासून बर्फातून आस्मुंड उघड्या हातांनी चालत आला होता. बोटं लाल झाली होती. ती कपाभोवती धरून त्यानं चौदा महिने गिळून ठेवलेलं एका दमात सांगून टाकलं.

एकतीस वर्षं तो त्या लाकडी चर्चचा राखणदार होता. घंटा त्याची, किल्ल्या त्याच्या. दर शनिवारी दुपारी तो आत असायचा, दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेसाठी झाडलोट करत, चर्च गरम करत. त्या शनिवारी त्यानं मागच्या खोलीतली लोखंडी शेगडी पेटवली, ओले हातमोजे तिच्या दांडीवर वाळत टाकले आणि भूक लागली म्हणून लवकरच घरी गेला. शनिवारची तांदळाची खीर चुलीवर होती. शेगडीच्या दाराची खिटी लावायची राहिली. खीर खाल्ली आणि खुर्चीतच डोळा लागला. जाग आली ती लोकांच्या आरड्याओरड्यानं.

त्या हिवाळ्यात नॉर्वेभर चर्चं जळत होती. काळ्या कातड्याची जाकिटं घातलेली, तोंडाला पांढरा रंग फासलेली पोरं सैतानाची गाणी किंचाळायची. त्यांच्यातल्या काहींना गाणी पुरेनाशी झाली होती. त्यामुळे शेगडीबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. योस्टाइन अशाच एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. पोलिसांना तो चर्चच्या पायरीशीच सापडला, जाकीट धुरानं माखलेलं, डावा तळवा मांसापर्यंत भाजलेला.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

धावत येणाऱ्या बापाकडे त्यानं एकदा पाहिलं. मग म्हणाला, "हो. मीच."

आस्मुंडनं अख्ख्या गावादेखत त्याच्या थोबाडीत मारली. संध्याकाळी घरी हातमोजे शोधताना त्याला खिटी आठवली. आणि त्यानं तोंड शिवून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्यासीच हसत हसत फाशीकडे निघाला होता, आणि चोराला तेवढीच सबब पुरली. पोराला हेच हवं होतं, असं तो स्वतःला सांगत राहिला.

हवं होतंही म्हणा. बँडमधली पोरं योस्टाइनला "घंटेवाल्याचं कोकरू" म्हणून चिडवायची. आगीनंतर कोणाची टाप नव्हती तसं म्हणायची. उलट त्यांनीच वावडी उठवली, की त्यानं पेटत्या चर्चच्या जाळात हात धरून सैतानाची शपथ घेतली. नव्या रेकॉर्डवर त्यांनी भाजलेला तळवा छापला. आता ब्राझीलमधून, जपानमधून त्याला पत्रं यायची. डावी मूठ मिटत नाही आणि ड्रमची काठी हातातून गळून पडते, हे कोणी छापलं नाही.

"सोमवारी मी पोलिसांकडे जातोय," आस्मुंड म्हणाला.

"वेड लागलंय का? चर्चच्या घरातून बाहेर काढतील तुम्हाला. आई कुठं जाईल? लोक तोंडावर थुंकतील तुझ्या."

"थुंकू देत. इतके दिवस तुझ्यावर थुंकले."

"माझी दोनच वर्षं राहिलीत, बाबा. काढीन मी. आणि तू बोललास की मी पुन्हा कोकरूच." योस्टाइननं पोळीचा घास तोडला. "आईला सांग, लोणी कमी घातलंय."

आस्मुंडचा तोल सुटला. इतक्या महिन्यांची लाज रागाच्या वाटेनं बाहेर पडली.

"चार टवाळांनी वाहवा करावी म्हणून हात जाळून घेतलास? ज्या हातानं वाजवायचास तोच? लहानपणी आईची पातेली पालथी घालून बडवायचास रे! तिनं एक पातेलं अजून तसंच ठेवलंय, पोचे पडलेलं. त्या हाताची शपथेत राख केलीस?"

योस्टाइननं पोळी खाली ठेवली. त्यानं बापाच्या लाल, फुटलेल्या बोटांकडे पाहिलं.

"आईनं नवे विणले नाहीत?"

"विणणार होती. मीच नको म्हटलं." आस्मुंडनं हात टेबलाखाली घेतले. "बोटीत विसरलो म्हणून सांगितलंय तिला."

दारावर टकटक झाली. वेळ संपली होती. योस्टाइन उठला. उरलेल्या पोळ्या त्यानं उजव्या हातानं फडक्यात बांधायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा आस्मुंडनं गाठ मारून दिली. दोघांची डोकी जवळ आली होती. पहारेकऱ्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात योस्टाइन बोलला.

"शपथ कसली, बाबा. शनिवार होता. मला वाटलं तू आतच आहेस. हाका मारल्या, तू ओ देईनास. मग धुरात शेगडीच्या तापलेल्या दांडीवर तुझा हातमोजा दिसला. मी घट्ट धरून ओढला. वाटलं, त्यात तुझा हात आहे."